चोरनिळा

आमच्या घरात दुपारी एक आवाज असायचा. नवं कडक पातळ घडी मोडून नेसताना होतो तसा, बारीक, सलग, आणि कुठून येतोय ते पटकन न कळणारा. पहिल्यांदा आलेले पाहुणे बोलता बोलता थांबायचे आणि छताकडे बघायचे. आई त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवत म्हणायची, "काही नाही, जेवतायत." कोण जेवतंय हे ती आपणहून सांगत नसे. पाहुण्यांनी विचारलंच तर मागच्या गॅलरीकडे हनुवटीने खूण करायची. तिथे हिरव्या रंगाच्या लोखंडी मांडणीवर बरण्या ओळीने लावलेल्या असत, काचेच्या, फरसाणाच्या प्लास्टिकच्या, लोणच्याच्या. तोंडाला मलमलचं फडकं बांधलेल्या. आत फांद्या, आणि फांद्यांवर माझ्या आत्याच्या अळ्या. एका अळीचं खाणं ऐकू येत नाही. पण शंभरेक जणी एकाच वेळी पानाच्या कडेवरून तोंड फिरवायला लागल्या की तो आवाज होतो. मी त्याच्यात वाढलो. अजूनही दुपारी पडल्या पडल्या कधीतरी मला तो ऐकू येतो, आणि मग जाग येते तेव्हा विचुंब्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये फक्त पंखा फिरत असतो.

शरयूआत्या ही अप्पांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, आणि लग्न न केल्यामुळे आमच्याकडे राहायची. म्हणजे आम्ही तसं म्हणायचो. खरं तर घर तिने घेतलेलं होतं आणि राहायला आम्ही आलो होतो. तिचं नाव आज फारसं कोणाला ठाऊक नाही. पण पुण्या-मुंबईकडून गळ्यात कॅमेरे अडकवून माणसं आमच्या जुन्या पनवेलच्या तळमजल्यावर यायची, चपला बाहेर काढायची आणि गॅलरीत देवळात शिरावं तशी शिरायची, हे मी पाहिलेलं आहे. तिच्या आधी आमच्या भागातली फुलपाखरं लोकांना माहीत होती ती पंख असलेली. पकडायची, टाचायची, नाव लिहायचं. खाडीपासून कर्नाळ्याच्या डोंगरापर्यंतच्या पट्ट्यात कुठलं फुलपाखरू कुठल्या झाडावर अंडं घालतं, अळी कशी दिसते, कितीदा कात टाकते, कोष कुठे बांधते, हे अंड्यापासून पंखांपर्यंत घरात वाढवून, रोज समोर बसून, जलरंगात कोणी उतरवून ठेवलं नव्हतं. ते तिने केलं. शाळा सुटल्यावर, खांद्याला शबनम लावून, एकटीने. तरुणपणी ती मुंबईच्या जाणकारांना पत्रं पाठवायची, आद्याक्षरांची सही करून. उत्तरं "डिअर सर" अशी यायची. तिने कित्येक वर्षं ती दुरुस्ती केली नाही. "सर म्हटल्यावर उत्तर जरा लांब येतं," म्हणायची.

तिने कधी एकही फुलपाखरू टाचणीला लावलं नाही. बाहेर आलं, पंख वाळले, की गॅलरीची जाळीची खिडकी उघडायची. मला ते विचित्र वाटायचं. इतके दिवस खाऊ घालायचं, आणि दिसायला लागलं की सोडून द्यायचं. एकदा तसं म्हणालो तर ती म्हणाली, "विन्या, पंख म्हणजे शेवटचं पान. लोक नेमकं तेवढंच वाचतात."

घराला दोन स्वयंपाकघरं होती असं म्हटलं तरी चालेल. एक आईचं, एक तिचं. आईच्या ओट्यापाशी वाल सोलणं चालायचं. भिजवून मोड आलेल्या वालांना एक ओला, किंचित उग्र वास असतो, तो आमच्या भिंतींना लागलेला होता. त्याच्या पलीकडे गॅलरीतून कढीपत्त्याचा, लिंबाच्या पानांचा, ताम्हणाच्या चिरलेल्या देठांचा वास. अप्पा तळोज्याच्या कारखान्यात पाळीला होते. रात्रपाळी करून सकाळी यायचे तेव्हा कपड्यांना एक झोंबरा वास असायचा, आणि आत्या त्यांना आंघोळ होईपर्यंत गॅलरीच्या उंबऱ्याआत येऊ द्यायची नाही. "देवघरात जाताना कोणी अडवत नाही, आणि इथे सोळा पायांच्या पाहुण्यांना माझा विटाळ," अप्पा म्हणायचे. "देवाला नाक नसतं," आत्या म्हणायची. भावाबहिणीचं हे रोजचं होतं. मग अप्पा जेवून, खिडकीला चादर लावून झोपायचे, घर कुजबुजीवर यायचं, आणि तो पातळाचा आवाज सुरू व्हायचा.

दोन्ही स्वयंपाकघरांत एक गोष्ट मात्र सारखी होती. आईच्या जाळीच्या कपाटाचे चार पाय पाण्याच्या चार वाट्यांत उभे असायचे, मुंग्या लागू नयेत म्हणून. आत्याच्या मांडणीचे पायही तसेच वाट्यांत. आमच्या आजूबाजूच्या सगळ्याच घरांत दुधा-तुपाच्या कपाटाखाली हेच होतं. आत्याने ते अळ्यांना लावलं. आणि ते बरोबरच होतं. गॅलरीच्या खिडकीला लागून आंबा होता, त्याच्यावर पानं शिवून केलेली ओंबिलांची घरटी होती. ओंबील म्हणजे झाडावरची ती तांबडी, चावरी मुंगी. आत्याच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी एका दुपारी तिची भरलेली फांदी साफ केली होती. तेव्हापासून वाट्या. वाट्यांत पाणी घालणं हे माझं काम, अगदी शाळेत होतो तेव्हापासूनचं. काम कसलं, सवय. दात घासल्यासारखी.

आता त्या फुलपाखराबद्दल सांगायला हवं. त्याला शास्त्रीय नाव आहे, पण आमच्या घरात ते चोरनिळा होतं. पंख मिटले की वाळक्या पानासारखं, मातकट, लक्षही जाऊ नये असं. उघडले की आत निळं, जांभळ्याकडे झुकणारं, काही क्षणच. ताम्हणाच्या आणि ऐनाच्या कोवळ्या पानांवर त्याची अंडी मिळायची. आत्या ती आणायची, अळी बाहेर यायची, खायची, कात टाकायची, आणि मग एक दिवस सुस्त व्हायची. पाठीवर पांढुरकी बुरशी दिसायची. दुसऱ्या दिवशी संपलेली. वर्षानुवर्षं हेच. तिने पानं बदलली, बरण्या बदलल्या, मलमल बदलली. अशा निळ्या फुलपाखरांच्या अळ्यांभोवती मुंग्या फिरतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. जुन्या ग्रंथांत होतं, रानात तिने पाहिलंही होतं. पण तिचं म्हणणं असं, की गुळाच्या ढेपेला मुंगळे लागतात तेव्हा ढेपेला मुंगळ्यांची गरज असते असं आपण म्हणत नाही. अळीच्या पाठीवर गोड थेंब सुटतो, मुंग्या तो चाटायला येतात, बस.

शेवटी तिने हार मानली ती पुस्तकामुळे. सगळ्या आयुष्याचं काम एका पुस्तकात यायचं होतं, मराठीत, कारण तिच्या शाळेतल्या मुलींना ते वाचता यायला हवं होतं. जुन्या बाजारातल्या मोकलकाकांच्या छापखान्यात ते गेलं होतं. चोरनिळ्याच्या पानावर तिने अंडं आणि लहान अळी एवढीच चित्रं दिली आणि लिहिलं की ही जात तोडलेल्या फांदीवर घरात वाढत नाही. अळ्या कशा पाळाव्यात या प्रकरणात वाट्यांचंही होतं: "मांडणीला मुंगी लागू देऊ नये." फर्मे, म्हणजे पुस्तकाचे न कापलेले मोठे कागद, छापले जात होते. तिला निवृत्त होऊनही बराच काळ झाला होता. एका डोळ्याने तिला आधीपासूनच कमी दिसायचं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. "पुस्तक हातात येईपर्यंत मला वाचता आलं पाहिजे," म्हणून तिने पावसाळा संपता संपता ऑपरेशन करून घेतलं.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गटांगळी खाऊन घरी बसलो होतो. त्यामुळे गॅलरी माझ्याकडे आली. ते दिवस मला अजून एखाद्या लांब दुपारीसारखे आठवतात. आत्या गॅलरीच्या दाराशी आरामखुर्चीत, डोळ्यावर हिरवी झापड, हात मांडीवर. वाकायचं नाही, धुरळ्यात जायचं नाही. मी सकाळी गाढी नदीच्या काठाने सायकलवर जाऊन पानं आणायचो, बरण्या साफ करायचो आणि तिला सांगायचो. काय दिसतंय ते सांगायचं, काय वाटतंय ते नाही, असा तिचा नियम. "हिरवी आहे." "कसली हिरवी?" "कोवळ्या भेंडीसारखी." "हं. पुढे." कधी ती न बघताच म्हणायची, "तिसऱ्या बरणीतली थांबलीय. कात टाकणार." मी बघायचो तर थांबलेली असायची. ती कान देऊन बसलेली असे आणि बाहेर आश्विनाचं ऊन आंब्यावर पांढरं होऊन पडलेलं असे. मला कधी कधी वाटायचं की मी सांगतोय म्हणून ते सगळं आहे. गप्प झालो तर बरण्या रिकाम्या होतील.

उरणच्या बाजूने मासळी घेऊन येणारी जानकी दाराशी टोपली उतरवायची आणि आत डोकवायची. "काय गो बाय, डोल्यावरची पट्टी कदी निंगाची?"

"निघेल ग. काय आणलंस?"

"निवट्या हायेत, जित्या. तुमच्या पोराला वाढा, नुसता अल्यांच्या मागं फिरतो. त्याला कोन पोरगी देनार?"

"त्याला आधी पास होऊ दे," आई आतून म्हणायची.

"पास होऊन काय, अल्याच धुंडील ना?" जानकी म्हणायची, आणि तिचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू यायचं.

त्या उन्हाने वाट्यांमधलं पाणी भराभर आटत होतं. रोजचं एकदा पुरत नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझं लक्ष आत्याच्या डोळ्याच्या थेंबांकडे होतं, पानांकडे होतं, आणि खरं सांगायचं तर स्वतःकडेही होतं. मला पहिल्यांदाच कोणीतरी एखाद्या कामाचा समजत होतं. एका सकाळी पानं घेऊन आलो आणि मांडणीच्या मागच्या पायावरून तांबडी रेघ वर चढताना दिसली. खिडकीच्या गजावरून भिंत, भिंतीवरून फरशी, आणि कोरड्या वाटीतून सरळ वर. वरच्या फळीवर मी लिंबाची एक मोठी फांदी बाटलीत उघडीच ठेवली होती, बरणीत मावत नव्हती म्हणून. तिच्यावरच्या अळ्या ओंबिलं ओढून नेत होती. जिवंत होत्या त्या अजून, अंग मुडपत होत्या. मी पोचेपर्यंत फांदी जवळपास रिकामी झाली होती.

मी ओलं फडकं घेतलं आणि पुसत सुटलो. हाताला चावे बसत होते. चोरनिळ्याच्या बरणीची मलमल मी आदल्या दिवशी सैल बांधली होती. फडकं सोडलं तर आत ओंबिलं. पाच-सहा, अळीच्या अंगावर. त्या बरणीत एकच अळी उरली होती, तीही आता दोन दिवसांची सोबती असं मी धरून चाललो होतो. मी चिमटा आत घातला आणि थांबलो. ओंबील अळीला ओढत नव्हतं. पुढच्या दोन मिशांनी तिच्या पाठीवर हळूहळू टकटक करत होतं, झोपलेल्या मुलाला थोपटतात तसं. अळीच्या पाठीच्या शेवटाला एक स्वच्छ थेंब आला. ओंबिलाने तो पिऊन टाकला. दुसरं पुढे आलं. अळीने मान उचलली आणि पान खायला लागली. आदल्या दिवशी ती हललीही नव्हती.

फळीवर, वीतभर अंतरावर, त्याच मुंग्या लिंबावरची शेवटची अळी खाली उतरवत होत्या.

आत्याने खुर्चीतूनच विचारलं, "विन्या, काय झालं? एक बाजू गप्प झालीय."

मी सांगितलं. वाटी कोरडी होती इथपासून. ती लिंबावरच्या अळ्यांबद्दल काहीच बोलली नाही. चोरनिळ्याचं मात्र तिने मला तीनदा सांगायला लावलं, थेंब कुठून आला, मुंगीचा पाय अळीला लागत होता का, अळीची पाठ कोरडी आहे की ओलसर. "कोरडी," मी म्हणालो. "बुरशी नाही."

ती खुर्चीत पुढे सरकली. मग म्हणाली, "थेंब सुटतो तो पुसायला कोणी नसलं की तिथेच बुरशी धरत असेल. मी इतकी वर्षं त्यांना आंघोळीवाचून ठेवलं."

"मुंग्या काढू का?"

"हात लावू नकोस. खिडकीतून त्यांना वाट करून दे."

बाकीच्या बरण्यांची मलमल मी घट्ट आवळली आणि आंब्याच्या फांदीपासून चोरनिळ्याच्या बरणीपर्यंत सुतळी बांधली. त्या सुतळीवरून पुढचे दिवस मुंग्यांची ये-जा चालू होती, आणि त्यातल्या काही आईच्या साखरेपर्यंत पोचल्या. आई जानकीला म्हणाली, "आता बोलवून आणल्यात." जानकी सुतळीकडे बघत राहिली. "आमच्या घरान मुंग्या झाल्या तं आमी पावडर मारतो. तुमी त्यांना जेवाला वाढता. मोठी मानसं तुमी." आत्या झापडीखालून हसली. पण ती अळी वाढली. जाड झाली, चकचकीत झाली, दोन पानं जवळ ओढून त्यांच्यात कोष केला. ओंबिलं त्या पानांवर पहारा दिल्यासारखी बसून राहिली.

तोवर आत्याची पट्टी निघाली होती. काळा चष्मा लावून ती बरणीसमोर बसायची. एका सकाळी कोष गडद झाला, आणि अप्पा रात्रपाळीवरून आले तेव्हा चोरनिळा बाहेर येऊन फांदीला लटकलेला होता, पंख अजून चुरगळलेले, ओले. अप्पा आंघोळ न करताच उंबऱ्याआत आले आणि आत्याने त्यांना अडवलं नाही. आई लाटणं हातात धरून उभी होती. पंख हळूहळू उलगडले, मिटले, मातकट. मग एकदा उघडले. मी आयुष्यात निळा रंग पुष्कळ पाहिला असेन. तो तसा नव्हता. आत्याने चष्मा काढला होता, डॉक्टरांनी बजावूनही. तिने खिडकी उघडली, आणि तो आंब्यापलीकडे गेला तरी ती खिडकीशीच होती. वळली तेव्हा म्हणाली, "विन्या, रिक्षा बोलाव. छापखान्यात जायचंय."

मला वाटलं, चोरनिळ्याचं पान बदलायला. मोकलकाकांनाही तसंच वाटलं. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. छापलेले फर्मे भिंतीशी रचून ठेवलेले होते, वर तिची चित्रं दिसत होती. आत्याने सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "पुढचं छापू नका."

"बाई, दोन ओळींची चूक," मोकलकाका म्हणाले. "शुद्धिपत्र घालू. पहिल्या पानाला चिकटवून देतो. भल्याभल्यांच्या पुस्तकांत असतं."

"दोन ओळींची नाही. या निळ्यांच्या कुळातल्या जेवढ्या जाती मी वाढवल्या त्या सगळ्या मुंग्यांवाचून वाढवल्या. काही जगल्या, पण कशा? बारक्या, फिक्या. मी त्यांचीच चित्रं काढली. आजारी मुलांची चित्रं काढायची आणि खाली लिहायचं की मुलं अशीच असतात. हे शुद्धिपत्रात कसं बसवणार?"

"मग काय करायचं म्हणता?"

"परत वाढवायच्या."

मोकलकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिचा भाचा होतो, मी तिला समजवावं अशी त्यांची अपेक्षा होती, आणि मी प्रयत्न केलाही. रिक्षात, घरी, पुढचे कितीतरी दिवस. मी म्हणालो, आत्या, तुझा हात आता पूर्वीसारखा चालत नाही. म्हणालो, पुस्तक निघू दे, दुसऱ्या आवृत्तीत सुधार. शेवटी म्हणालो, "कोणाला कळणारे?" ती पानं पुसत होती. म्हणाली, "तुला कळलं ना." आवाजात राग नव्हता. माझ्याकडे तिने वरही पाहिलं नाही.

ते पुस्तक निघालं नाही. त्यानंतरचे काही हंगाम तिने निळ्यांची पिढी पुन्हा वाढवली, सुतळ्या बांधून, आणि पुन्हा चित्रं काढली. ती आधीच्यांपेक्षा ओबडधोबड आहेत, रेघ कापते, रंग बाहेर जातो. पण अळ्या धष्टपुष्ट आहेत आणि प्रत्येकीच्या पाठीवर मुंगी आहे. अजून काही जाती राहिल्या होत्या तेव्हा तिचं हृदय थकलं. मी तोवर बँकेत लागलो होतो. राहिलेल्या जाती मी कराव्यात असं ती कधी म्हणाली नाही, आणि मी त्या केल्या नाहीत. ती चित्रं माझ्या कपाटात आहेत. मी निसर्ग-अभ्यासक झालो नाही. मला एका दुपारी एक गोष्ट दिसली आणि ती मी सांगितली, एवढाच माझा त्या शास्त्राशी संबंध.

ती गेल्यावर काही दिवसांनी आई वाल सोलत होती, मी समोर बसलो होतो. आई सहज म्हणाली, "तू त्या दिवशी वाटीत पाणी घातलं असतंस तर तिचं पुस्तक तिला बघायला मिळालं असतं." तिच्या मनात टोचणं नव्हतं. हातातला वाल टोपलीत टाकावा तसं तिने ते वाक्य टाकलं आणि पुढचा वाल घेतला. आईही आता नाही, पण ते वाक्य माझ्याकडेच राहिलं. मी त्याच्याशी बरेचदा वाद घालतो. पाणी घातलं असतं तर तिचं पुस्तक निघालं असतं, आणि ते चुकीचं असतं, आणि ती सुखात गेली असती. पाणी घातलं नाही, तर तिने एकदा तो निळा रंग पाहिला. यातलं कुठलं मी तिला दिलं आणि कुठलं काढून घेतलं, याचा हिशेब मला अजून लागत नाही. वयाबरोबर लागेल असं वाटायचं. उलट जसजसा तिच्या वयाकडे सरकतोय तसं ते जास्त अवघड होत चाललंय. आता मला कळतं की त्या वयात हातात येणारं पुस्तक म्हणजे काय असतं.

पण मला एक दुपार सांगायची आहे. छापखाना थांबवल्यानंतर काही दिवसांनी मोकलकाकांनी छापून झालेले फर्मे टेम्पोत घालून पाठवून दिले. त्यांना जागा अडत होती. गठ्ठे गॅलरीत आले, आणि त्यांच्याकडे कोणी बघेना. आई त्यांच्यावर चादर टाकायला निघाली होती. मी घराबाहेर जायला कारणं शोधत होतो. आत्या तेवढी नेहमीसारखी फिरत होती. तिच्या नव्या अळ्या मोठ्या झाल्या होत्या, आणि मोठ्या अळ्यांना बरणीच्या तळाशी रोज ताजा कागद लागतो, लेंड्या पडतात त्या उचलायला. वर्तमानपत्राची शाई त्यांना सोसत नाही असं तिचं मत होतं. तिने एक गठ्ठा सोडला, वरचा कागद बोटांत चोळून पाहिला, वास घेतला.

"चांगला आहे की. विन्या, कात्री आण."

मी म्हणालो, "आत्या, हे नको."

"का? शाई वाळलीय."

मी कात्री आणली. तिने बरणीचं बूड कागदावर ठेवून पेन्सिलीने गोल काढला आणि माझ्यापुढे सरकवला. मी कापायला लागलो. कात्री तिच्या वाक्यांमधून जात होती. अर्धी अळी इकडे, अर्धी तिकडे. माझे डोळे भरून आले होते आणि गोल वाकडा होत होता, ते तिला दिसत होतं, तिला आता स्वच्छ दिसत होतं.

"बाळा, घाई करू नकोस," ती म्हणाली. "कडेला फट राहिली तर लेंड्या खाली जातात."

मी पहिला गोल बरणीत घालायला गेलो, तो छापील बाजू खाली करून. माझ्या परीने तिचा मान राखत होतो. तिने तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला, अक्षरं वर ठेवून तळाशी नीट बसवला आणि अंगठ्याने कडा दाबल्या. मग फांदी आत सोडली, मलमल बांधली, सुतळी लावली. आम्ही दोघं शेजारी बसलो. अप्पा आत झोपले होते. थोड्या वेळाने पहिली लेंडी कागदावर पडली, टप्प, एवढीशी. आत्या चष्मा कपाळावर घेऊन बरणीत वाकली, कुठल्या ओळीवर पडली ते बघायला.